अनुभव धागा: घट बसायच्या आधी घरातलं काय काढलं, काय ठेवलं?

नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाची साफसफाई सुरू होते, देवीचे दागिने उजळले जातात आणि त्याच दिवसांत पेठांमधल्या घरांचे माळेही रिकामे व्हायला लागतात. वाकळा पंचगंगेच्या घाटावर जातात, पितळेची भांडी परड्यात येतात. दरवर्षी प्रश्न तोच. धुऊन-पुसून सगळं पुन्हा होतं तिथंच ठेवायचं, की यंदा काही कमी करायचं?

या धाग्यावर सल्ले नकोत, घडलेलं लिहा. कुठली वस्तू होती, ती बाहेर काढताना घरात कोण काय म्हणालं, आणि शेवटी ती गेली कुठं. माझं मत आधीच सांगून टाकते. वस्तू ज्याच्या उपयोगाची आहे त्याच्या हातात पोचली तर घर आवरलं असं मी मानते. बोचकं बांधून कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाखाली ठेवलं, तर आपली अडगळ गल्लीच्या दारात गेली, एवढंच झालं.

सुरुवात मी राजारामपुरीतल्या आमच्या स्वयंपाकघरापासून करते. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करणाऱ्या घरात डबे किती साठतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मिरची, धणे, तीळ, खोबरं, प्रत्येकाला वेगळा डबा, शिवाय बहिणीला, नणंदेला द्यायला ठेवलेले आइस्क्रीमचे डबे. मी सगळे डबे आणि सगळी झाकणं फरशीवर मांडली आणि जोड्या लावल्या. बिनझाकणाचे बाजूला. ज्यांचा तेलकट लाल रंग आणि लसणाचा वास गरम पाण्यानंही जात नव्हता, तेही बाजूला. उरल्या चिनी मातीच्या बरण्या, काचेच्या बाटल्या आणि स्टीलचे डबे. प्लॅस्टिक धुऊन, कोरडं करून कचरा न्यायला येणाऱ्या टिपरमध्ये, सुक्या कचऱ्यात दिलं. सासूबाईंनी एकच अट घातली होती, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. लावला नाही.

आता तुम्ही लिहा.

शाहूपुरी, कुंभार गल्ली

आमच्याकडं घर आवरायचा मुहूर्त नवरात्राचा नाही, मे महिन्याचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट, हे आमच्या गल्लीत पोरांनाही पाठ आहे. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर सासऱ्यांनी बघितलेला, त्यामुळं त्यांना अंदाज होता. तरी २०१९ ला तोही चुकला.

पुरानंतर चिखल काढताना एक गोष्ट कळली. खालच्या मजल्यावर जे जे प्लायवूडचं होतं ते फुगून गेलं, आणि जे कडाप्प्याचं, लोखंडाचं, स्टीलचं होतं ते धुऊन परत उभं राहिलं. म्हणून नव्या ओट्याखाली ट्रॉल्या केल्या नाहीत. कडाप्प्याचे कप्पे आहेत, आणि त्यात भाजीवाल्यांकडं असतात तसले जाळीचे क्रेट. क्रेट उचलला की अख्खा कप्पा जिन्यावर. पहिल्या क्रेटमध्ये धान्य, दुसऱ्यात रोजची भांडी. ज्याला क्रेटमध्ये जागा नाही ते खालच्या मजल्यावर राहतच नाही, असं आम्ही ठरवून टाकलंय. कमी सामानात राहायचा शौक म्हणून हे केलेलं नाही. पाणी चढायला लागल्यावर दोन बायका आणि एक म्हातारा माणूस जेवढं वर नेऊ शकतात, तेवढंच सामान खाली ठेवायचं.

कागदांचं एक वेगळं सांगते. खरेदीखत, मिळकत पत्रिका, पोरांचे दाखले, विम्याचे कागद एकाच चेनच्या पिशवीत असतात आणि पिशवी कायम वरच्या मजल्यावर. सातबारा आता डिजिटल सहीचा ऑनलाइन निघतो, आधार-पॅन डिजिलॉकरमध्ये आहेत. पण मूळ खरेदीखत ते मूळच.

फोटो भिजले तर अल्बम तसाच उन्हात ठेवू नका. वाळताना फोटो एकमेकांना चिकटतात आणि मग सोलून निघतात. स्वच्छ पाण्याच्या परातीत सोडायचे, अलगद सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवायचे. माझ्या लग्नाचे निम्मे फोटो असे वाचले.

शिवाजी पेठ

वडील गेल्यावर जुनं घर रिकामं करायची वेळ आम्हा तिघा भावंडांवर आली. सोपा, माजघर आणि वरचा माळा. माळ्यावर काय निघालं म्हणाल तर तांब्याचा बंब, दोन हंडे, घागरी, पाटा-वरवंटा, उखळ, जातं, पाळण्याच्या साखळ्या, आणि आजोबांच्या शेतीच्या वह्या.

भांडण होणार अशी भीती होती. थोरल्या आक्कानं पहिल्याच दिवशी सांगितलं, मोड म्हणून वजनावर काहीही द्यायचं नाही, आधी प्रत्येकानं आपल्याला हवं ते मागायचं. मग एका वस्तूला दोघांची मागणी आली तर चिठ्ठी. गंमत अशी की महागातल्या हंड्यांना चिठ्ठीच लागली नाही, कुणाच्याच फ्लॅटमध्ये जागा नव्हती. चिठ्ठी पडली ती आईच्या पोळपाटाला! धाकटीला आला. देवघरातले जोतिबाचे आणि खंडोबाचे टाक मात्र चिठ्ठीत घातले नाहीत. कुळाचार जो चालवणार त्याच्याकडं, म्हणून माझ्याकडं आले.

बंब गावाकडच्या चुलत भावानं नेला, त्यांच्याकडं अजून सरपणावर पाणी तापतं. हंडे कल्हईवाल्याला दाखवून एका केटरिंगवाल्याला दिले. वह्या मी ठेवल्यात. कुठल्या साली गुळाला काय भाव मिळाला, कुणाचे किती उसने, सगळं त्यांच्या हातचं आहे.

जातं आणि उखळ अजून तिथंच आहेत. कुणाला वापरायला हवी असतील तर सांगा, पैसे नकोत. बागेत कुंडी म्हणून मांडायला देणार नाही.

शिरोली एमआयडीसीत कामाला, राहायला उचगाव

आमच्या फौंड्रीत फाइव्ह एस आहे, म्हणजे कामाची जागा आवरून ठेवायची पद्धत. त्यातलं पहिलंच काम म्हणजे लागणारं आणि न लागणारं वेगळं करणं. जे लागेल की नाही ठरत नाही, त्याला लाल टॅग बांधायचा. त्यावर तारीख, वस्तूचं नाव आणि निर्णय कोण घेणार त्याचं नाव. मग ते एका ठरलेल्या कोपऱ्यात जातं. मुदतीत कुणी मागितलं तर परत जागेवर, नाही मागितलं तर बाहेर.

हेच घरी केलं. बायको म्हणाली, 'घराची कंपनी करू नका.' पण निर्णय कोण घेणार ही ओळ तिला पटली. तिच्या वस्तूवर तिचं नाव, पोराच्या खेळण्यावर पोराचं. आधी घरात वाद काय व्हायचा? मी तिचं टाकायला बघायचो, ती माझं. आता दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही. पोरगं आठ वर्षांचं आहे, त्यानं स्वतः तीन गाड्यांचे टॅग सोडवून घेतले आणि बाकीच्या मावसभावाला दिल्या.

हत्यारांसाठी भिंतीला एक फळी ठोकलीय. पान्हा, पक्कड, हातोडी, प्रत्येकाच्या आकाराची रेघ रंगानं मारलेली. रिकामी रेघ दिसली की काय परत यायचंय ते विचारावं लागत नाही.

मंगळवार पेठ

वरचे सगळे वाचले. मला थोडं वेगळं सांगायचंय. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीला हे नियम लावू नयेत. आमच्या आत्ती ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या ट्रंकेत काय नाही? फाटकी नऊवारी, मोडका कंदील, मामंजींची कुस्तीची जुनी चित्रं आणि खासबागेतल्या मैदानाची तिकिटं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या त्या मैदानात मामंजी लढले होते. भाची पुण्याहून आली, तिनं मोठ्या उत्साहानं ट्रंक उघडली आणि आत्ती दोन दिवस जेवल्या नाहीत.

ट्रंक आता त्यांच्या पलंगाखाली आहे. आम्ही फक्त तळाला वाळवी बघतो, कडुनिंबाचा पाला बदलतो आणि चित्रांचे फोटो काढून ठेवलेत. खोलीतून चालताना पाय अडकू नये, रात्री न्हाणीकडं जायची वाट मोकळी राहावी, एवढंच आमचं आवरणं. मला तेवढं पुरेसं वाटतं.

(मंगळवार पेठेच्या ताई, अगदी मनापासून पटलं. माणूस असेपर्यंत ट्रंक त्याची. — धागाकर्ती)

रुईकर कॉलनी

पुस्तकं. निवृत्त शिक्षिका असल्यामुळं दुसरं काय असणार! शाळेची जुनी पाठ्यपुस्तकं गरीब मुलांना द्या असं सगळे सांगतात, पण अभ्यासक्रम बदलला की त्यांचा मुलांना काहीच उपयोग नसतो. ती मी सरळ रद्दीत दिली. शब्दकोश, चरित्रं, गोष्टींची पुस्तकं यांची आधी यादी केली आणि यादी घेऊन ग्रंथालयात गेले. आपल्याकडं करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० सालची संस्था आहे, गावोगावी छोटी वाचनालयं आहेत. पण त्यांनाही जागेची अडचण असते, त्यामुळं पोती नेऊन ओतू नयेत. काय हवंय ते विचारावं आणि तेवढंच द्यावं. माझी निम्मी यादी एका खेड्यातल्या शाळेनं मागून घेतली.

कसर लागलेलं एकही पुस्तक कुणाला देऊ नका, त्यांच्या कपाटाला लागेल.

कसबा बावडा

जुन्या साड्यांच्या वाकळा शिवून घेतल्या. आमच्या ओळखीच्या एक मावशी घरी येऊन शिवतात. खाली-वर मऊ सुती नऊवारी, आत जुने परकर आणि चादरी, आणि कडेकडेनं धावदोरा घालत मध्यापर्यंत. सिंथेटिक साडी त्या घेतच नाहीत, सुई सरकते आणि वाकळ गोळा होते म्हणतात. त्यामुळं सिंथेटिक वेगळ्या काढून, धुऊन, इस्त्री करून 'माणुसकीची भिंत' (आपल्याला नको असलेले कपडे गरजूंसाठी ठेवायचा उपक्रम) भरली तेव्हा तिथं नेऊन दिल्या. देताना फॉल सुटलेला असेल तर टाका घालून द्या, एवढीच विनंती. घेणाऱ्या बाईला ती घरी जाऊन नेसायची असते.

उपनगर, भाड्याचा फ्लॅट

औषधांचा डबा आवरला. मुदत संपलेल्या गोळ्या, पाऱ्याचा फुटका थर्मामीटर, जुने सेल, गेलेल्या ट्यूब, हे सगळं ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायचं नसतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत याला घरगुती घातक कचरा म्हटलं होतं आणि तो वेगळा द्यायचा असतो. मी खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहून टिपरवाल्या दादांच्या हातात दिलं. ते लोक कचरा हातानं वेगळा करतात, सुई किंवा काच लागली तर त्यांनाच लागते.

आणि कोल्हापुरी चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. पावसाळ्यात बुरशी येते. पुसायच्या, सावलीत वाळवायच्या, तेलाचा हात फिरवायचा आणि रद्दी कागदात गुंडाळून ठेवायच्या.

कागलजवळचं गाव

शिवाजी पेठेचे दादा, जातं आम्हाला हवंय. आई नाचणी आणि भरड घरीच काढते, आमच्या जात्याची वरची तळी तडकलीय. कुंडी करणार नाही, शब्द देतो. दोन्ही तळ्या शाबूत आहेत का? खुंटा आहे का?

शिवाजी पेठ

दोन्ही तळ्या शाबूत आहेत. खुंटा नवीन बसवावा लागेल, आणि बरीच वर्षं बंद आहे त्यामुळं टाकी लावून (दगड ठोकून पुन्हा खरबरीत करून) घ्यावी लागेल. येताना दोघं तरी या, माळ्यावरून उतरवायला माणसं लागतील. उखळही घेऊन जा.