रक्ताची उलटी, गुळणी की रक्तपित्त?

कृष्णाकाठ: मिरजेतल्या एका डॉक्टरांसाठी रुग्णांना द्यायच्या पत्रकाचं मराठी करतेय. पोटात रक्तस्राव झाल्याची खूण म्हणून मूळ मजकुरात 'कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी' आहे. आमच्या तासगावात कॉफीचा चोथा कुणी पाहिलाय? 'चहाचा चोथा' चालेल का? शिवाय 'रक्ताची उलटी' वाचून आई म्हणाली, "आपल्यात रक्ताची गुळणी म्हणतात."

वाईकर: गुळणी नको. आमच्याकडे खोकल्यातून रक्त पडलं तरी गुळणीच म्हणतात. ते फुप्फुसातलं, बहुधा लाल, फेसाळ.

धातुरूप: 'रक्तपित्त' हा आपला आयुर्वेदातला शास्त्रशुद्ध शब्द आहे. तोंडावाटे येतं ते ऊर्ध्वग, खालून जातं ते अधोग. नाहीतर 'रक्तवमन' लिहा.

कृष्णाकाठ: 'पित्त' वाचलं की माणूस थंड दूध पिऊन पडून राहतो. माझ्या सासऱ्यांनी तेच केलं. गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळी घ्यायचे, तीही उपाशीपोटी. चार दिवस डांबरासारखी काळी शी होत होती, कुणाला बोलले नाहीत. मग एका पहाटे मोरीत बसलेले दिसले. कपाळावर गार घाम, हातातला तांब्या थरथरतोय आणि पातेल्यात काळा चोथा. तरी "पित्त पडलंय" एवढंच म्हणत होते. निघाला अल्सर.

माणदेशी: आमच्या आजीच्या तोंडी 'रक्तपिती' म्हणजे महारोग. एवढ्याशा फरकाने म्हातारी माणसं ते पत्रक हातात धरणार नाहीत. सरळ 'रक्त ओकणे' लिहा की.

धातुरूप: ओकणे ग्राम्य वाटतं.

माणदेशी: ग्राम्य कसं? आधी मळमळ, मग उमासे, मग ओकारी, मग ओक. चार अवस्थांना चार शब्द आहेत आमच्याकडे. 'वमन' एकटं काय काय सांगणार?

वाईकर: हा फरक कामाचा आहे. जोरजोरात ओकाऱ्या काढून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर जाते आणि नंतरच्या उलटीत रक्त दिसतं. चोथा मात्र जठरातल्या आम्लाने काळं पडलेलं रक्त. यकृत खराब झालेल्याच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या तर भसाभसा लाल रक्त येतं, तिथे चोथा शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून 'लाल असो वा काळी, लगेच दवाखान्यात' असं लिहा.

धातुरूप: मग 'वांती' तरी घ्या. वम् धातूचाच शब्द, पण रुळलेला.

माणदेशी: वांती आम्ही पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, गोष्टींत ऐकली, जुलाबाच्या जोडीने. रक्ताबरोबर कधीच नाही.

धातुरूप: आमच्या साताऱ्यात ऐकलीय.

वाईकर: साताऱ्यात कुठे? मी तर नाही ऐकली.