मज्जारज्जू दबल्यासारखी लक्षणं येतात, ओसरतात, परत येतात: निदान कसं गाठायचं?

उमगेना:
रुग्ण ४८ वर्षांचे, मधुमेह नाही. दीडेक वर्षापासून त्रास येऊन-जाऊन आहे. दोन्ही हातांची बोटं अवघडतात, शर्टाची बटणं लागत नाहीत, अक्षर बिघडतं. पाय जड आणि ताठ होतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मान पुढे वाकवली की पाठीतून खाली विजेसारखी झिणझिणी जाते. दोन-तीन आठवड्यांत बरंचसं ओसरतं, काही महिन्यांनी पुन्हा सुरू. दुखणं असं फारसं नाही.

आतापर्यंत झालेलं: कमरेचा एमआरआय (चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी बाहेर), मानेचा एमआरआय, सव्वा वर्षापूर्वीचा ('सी५-सी६ला', म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये, 'गादीचा फुगवटा, आवरणावर किंचित दाब'), हातांची नर्व्ह कंडक्शन तपासणी, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणं (उजवीकडे सौम्य कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबणं), बी१२ २३० पिकोग्रॅम. निदानं तीन मिळाली: गादी, कार्पल टनेल आणि मानसिक ताण. यातलं एकही सगळ्या लक्षणांना पुरत नाही. पुढे काय, आणि कुठल्या क्रमाने?

हातोडी:
आधी कमरेचा एमआरआय बाजूला ठेवा. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबर-मणक्यापाशी संपतो. त्याखाली असतात त्या नुसत्या नसा. तिथली गादी पायात कळ, मुंग्या, अशक्तपणा देईल. पाय ताठ करणार नाही आणि हातांशी तर तिचा संबंधच नाही. नस दबणं आणि मज्जारज्जू दबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे सगळा घोळ त्यातूनच झालेला दिसतो. दुखत नाही म्हणून गंभीर नाही असंही समजू नका. मानेत मज्जारज्जू दबलेल्या कित्येकांना मान दुखतच नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव म्हणजे तुमच्या यादीत शारीरिक तपासणीची एकही नोंद नाही. न्यूरोलॉजिस्टकडून या गोष्टी कागदावर लिहून घ्या:

गुडघ्याचे आणि घोट्याचे झटके (हातोडी मारल्यावर आपोआप येणारे) वाढलेत का, घोटा झटकन वर दाबला की पाऊल थडथडत राहतं का, तळपाय खरवडल्यावर अंगठा वर जातो का. हॉफमन: मधल्या बोटाचं नख टिचकावलं की अंगठा आत वळतो का. हे काही निरोगी माणसांतही दिसतं, म्हणून एका खुणेवर निकाल लावू नये. मनगटाजवळ हातोडी मारल्यावर कोपर न हलता बोटंच मिटली, तर दाब मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर असण्याची शक्यता खूप वाढते. आणि जबड्याचा झटका जरूर पाहायला सांगा. तो वाढलेला असेल तर मूळ मानेच्या वर, मेंदूकडे शोधायचं.

दोन चाचण्या घरीही होतात. मूठ पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची, १० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. २०च्या आसपास किंवा जास्त म्हणजे ठीक. त्याहून बरंच कमी, आणि उघडताना बोटं रेंगाळत असतील, तर हात मज्जारज्जूमुळे बिघडल्याचा संशय धरावा. दुसरी, टाचेला चवडा जोडून सरळ रेषेत दहा पावलं. शेजारी कोणीतरी उभं हवं. दोन्हीचे व्हिडिओ काढून ठेवा, त्रास असतानाचे वेगळे आणि ओसरल्यावरचे वेगळे. येणाऱ्या-जाणाऱ्या आजारात डॉक्टरांच्या टेबलावर रुग्ण नेमका बरा असतो, त्यामुळे हे व्हिडिओ फार उपयोगी पडतात.

कार्पल टनेल खरंही असेल. पण त्याने अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतील, पाय ताठणार नाहीत. एक निदान खरं निघालं म्हणून शोध थांबवणं, ही या आजारातली नेहमीची चूक.

तीनमिमी:
एमआरआयबद्दल. सव्वा वर्षापूर्वीचा उपयोगाचा नाही. तोही बहुधा बऱ्या काळात, उताणं झोपवून, मान मधल्या स्थितीत ठेवून काढलेला असणार. नवा काढताना अर्जावर 'मानदुखी' लिहू देऊ नका. 'हात-पाय दोन्हींत लक्षणं, मज्जारज्जूच्या विकाराचा संशय' असं लिहिलं की रेडिओलॉजिस्ट वेगळ्या नजरेने बघतो.

मान आणि छातीचा भाग दोन्ही हवेत. छातीचा भाग नेहमी वगळला जातो, कारण तिथे दुखत नाही. आडवे काप ३ मिमीच्या आसपास जाडीचे असावेत, आणि नुसते गाद्यांच्या पातळीवर नव्हे तर सलग. ग्रेडियंट क्रमातली चित्रं (एमआरआयची एक पद्धत) मज्जारज्जूसाठीची हाडातली जागा आहे त्यापेक्षा अरुंद दाखवतात, तेव्हा किती दाब आहे ते साध्या टी२वर (पाणी पांढरं दाखवणाऱ्या चित्रांवर) ठरवायचं.

रिपोर्टमध्ये 'आवरणावर दाब' याला फार अर्थ नाही. विचारायचं ते असं: मज्जारज्जूचा आकार बदललाय का, त्याच्याभोवतीचं पाणी पुढून-मागून दिसेनासं झालंय का, टी२वर आत पांढरा डाग आहे का. डाग असेल तर किती मणक्यांइतका लांब? टी१वर (पाणी काळं दाखवणाऱ्या चित्रांवर) त्याच जागी काळं दिसलं तर नुकसान जुनं आणि सहसा न भरून येणारं.

डाव्या-उजव्या किंवा पुढच्या-मागच्या हालचालीने लक्षणं बदलत असतील तर दोन जादा गोष्टी. मान वाकवून आणि मागे नेऊन एक्स-रे: मणका मणक्यावरून सरकतो का, आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्यातली पुढची फट मोठ्या माणसात ३ मिमीहून जास्त उघडते का. संधिवात (ऱ्हुमॅटॉइड) असलेल्यांत हे विसरूच नये. दुसरं, मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेला एमआरआय. मागे नेल्यावर आतला पिवळा अस्थिबंध दुमडून जागा आणखी अरुंद करतो, ते उताण्या चित्रात दिसत नाही. मात्र सरळ चित्रात दाब ठळक असेल किंवा मान हलवताच हात-पाय जात असतील, तर हा प्रयोग नको.

मणक्यांच्या मागचा लांब अस्थिबंध हाड झाल्याचा संशय आला तर सीटी. एमआरआयवर तो नुसता काळा पट्टा दिसतो आणि गादी म्हणून खपून जातो. शस्त्रक्रियेची दिशा पुढून की मागून, हे त्यावर बरंच अवलंबून असतं.

गाळणी:
वरचं सगळं पटतं, पण माझं बोट 'ओसरतं' या शब्दावर आहे. गादीने किंवा हाडाने मज्जारज्जू दबला की आजार सहसा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो: बिघडतो, थोडा स्थिरावतो, पुन्हा बिघडतो. प्रत्येक खेपेला जवळपास पूर्ववत होत असेल तर दाबाखेरीजची कारणंही तितकीच गंभीरपणे तपासा. मान वाकवल्यावरची वीजही दाबाची हमी देत नाही. ती मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण बिघडवते तो आजार) येते आणि बी१२च्या कमतरतेतही.

बी१२ २३० ही संदिग्ध जागा. मिथाइलमॅलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन (बी१२ खरंच कमी पडत असेल तर रक्तात वाढणारे दोन पदार्थ) तपासा, पण इंजेक्शनं सुरू करण्याआधी. नंतर आकडे सुधारतात आणि उत्तर हातचं जातं. सोबत तांबं. जस्ताच्या गोळ्या बरेच महिने घेणाऱ्यांत तांबं कमी होऊन अगदी बी१२सारखंच चित्र होतं, हे फार कमी जण विचारतात.

डाग दोन मणक्यांहून आखूड आणि कडेला असेल तर मेंदूचा एमआरआय व मणक्यातलं पाणी (कमरेतून सुई घालून काढतात ते) तपासा. तीन किंवा जास्त मणक्यांइतका लांब असेल तर ॲक्वापोरिन-४ची अँटीबॉडी (मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांना सूज आणणाऱ्या आजाराची रक्ततपासणी). चालल्यावर किंवा उभं राहिल्यावर पाय गळत असतील आणि बसल्यावर सावरत असतील, तर आवरणातल्या शिरांचा फिस्टुला (धमनी आणि शीर थेट जोडल्या जाणं) डोक्यात ठेवा. त्यात छातीच्या खालच्या भागात मज्जारज्जू सुजलेला आणि मागे वेड्यावाकड्या शिरांचे काळे ठिपके दिसतात. अर्थात तो हातांना सोडतो, म्हणून तुमच्या रुग्णात मागच्या रांगेत.

गॅडोलिनियम (शिरेतून देतात ते एमआरआयचं रंगद्रव्य) देऊन काढलेल्या चित्रातला एक सापळाही सांगतो. दाबाच्या जागेच्या किंचित खाली आडवी, चपटी पट्टी उजळली तर ती दाबामुळेही असते. तिला सूज किंवा गाठ समजून महिनोन्‌महिने भलते उपचार होतात. शस्त्रक्रियेनंतरही ती पट्टी बराच काळ दिसू शकते.

उमगेना:
आभार. दोन शंका. तोवर फिजिओथेरपी चालू ठेवावी का? आणि एका डॉक्टरांनी 'स्टेरॉइड देऊन बघू' म्हटलंय.

हातोडी:
मानेला ताण देणं आणि झटका देऊन 'बसवणं' दोन्ही बंद, निदान होईपर्यंत. तोल आणि बोटांचे साधे व्यायाम चालतील. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा काही तासांत-दिवसांत पाय झपाट्याने कमजोर झाले तर भेटीची वेळ घेत बसू नका. त्याच दिवशी तातडीच्या विभागात, आणि पूर्ण मणक्याचा एमआरआय.

दाबच ठरला तर १८ गुणांच्या एमजेओए मोजणीवर (हात, पाय, संवेदना आणि लघवी यांना गुण देतात) तीव्रता ठरते. १५ ते १७ सौम्य: शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखाली व्यायाम, पण बिघडलं की शस्त्रक्रिया. १२ ते १४ मध्यम, ११ किंवा खाली तीव्र: इथे शस्त्रक्रियेचीच शिफारस असते. ती बहुतेक वेळा घसरण थांबवते. गेलेलं सगळं परत देईलच असं नाही, म्हणून वेळ काढू नये.

गाळणी:
स्टेरॉइड 'बघू' म्हणून नको. आधी एमआरआय, आणि सूजजन्य आजाराचा संशय असेल तर रक्ताचे आणि मणक्यातल्या पाण्याचे नमुने. गोळ्यांनंतर हे धूसर होतं. तात्पुरतं बरं वाटलं तरी त्यावरून निदान होत नाही. उलट स्टेरॉइड सुरू झाल्यावर काही तासांत किंवा दिवसांत पाय आणखी गळाले, तर ते फिस्टुल्यात घडतं. डॉक्टरांना तेव्हाच कळवा आणि छातीचा एमआरआय शिरांसाठी पुन्हा वाचून घ्या. तिथेही शंका उरली तर मणक्याची अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून रक्तवाहिन्यांचं चित्र).