मदत हवी आहे: तोंडच उघडत नाही, तंबाखू सोडवू कशी?

नमस्कार. रावेर तालुक्यात माझा दवाखाना आहे. केळीच्या बागेत मजुरी करणारा पस्तिशीतला पेशंट, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. "डॉक्टरसाहेब, बार भरल्याशिवाय घड कापायला हातच चालत नाही," म्हणतो. २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम दिला, तर जबडा दुखतो, चघळवत नाही. पॅच लावला, तर उन्हात घामानं सुटतो. समोर बसवून तंबाखू सोडवणाऱ्या राष्ट्रीय हेल्पलाइनला, १८००-११-२३५६ वर, फोनही लावून दिला. आठवडाभर टिकला, मग परत पुडी. त्यात घरी बायको मिश्री लावते.

अशा पेशंटला गमऐवजी काय देता? पॅच घामात टिकवायचा कसा? आणि नवरा-बायकोला एकत्र बसवून कुणी सोडवली आहे का? अनुभव हवाय, मला हा माणूस गमवायचा नाही.