४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

शून्यापासून:
२ चा ३२ वा घात घेऊन १ मिळवला की ४२९४९६७२९७ येते. ५०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, कशानेच पूर्ण भाग जात नाही. वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित वर आहे, म्हणजे तिथपर्यंतच्या ६५४२ मूळ संख्या तपासायच्या, हाताने कोण करणार? शिवाय एक टेस्ट असते ना, तपासायची संख्या न धरून २ चा (न − १) वा घात घेऊन न ने भागायचं आणि बाकी १ आली की पास, त्यात ही पास होतेय. मग मूळच म्हणायची ना?

विभाजक६४:
नाही, ६४१ ने भाग जातो. ६४१ × ६७००४१७, दोन्ही मूळ. पण एवढे भागाकार करायची गरजच नाही, संख्या कशी बनलीय त्यावरूनच कुठे शोधायचं ते कळतं. ही फर्मा संख्या आहे, म्हणजे २ चा असा घात अधिक १, ज्याचा घातांकही २ चाच घात असतो (इथे ३२ = २^५, म्हणजे २ चा ५ वा घात, म्हणून शून्यापासून मोजलं तर पाचवी) आणि हिचा कुठलाही मूळ अवयव १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतो. मग उमेदवार कोण, १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. त्यात १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत, २५७ ही आधीची फर्मा संख्या आणि दोन फर्मा संख्यांत सामाईक अवयव नसतो, त्यामुळे पहिला भागाकार करायचा तो थेट ६४१ चाच! ३, ५, १७, २५७, ६५५३७ मूळ आहेत म्हणून गणितज्ञ फर्माला पुढच्याही सगळ्या मूळच वाटत होत्या, १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ही फोडली.

बाकी_शून्य:
भागाकार न करताही दाखवता येतं, मला हे फार आवडतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. आता ६४१ ने भागून फक्त बाकी बघत चला. ५ × २^७ ची बाकी −१ (म्हणजे ६४१ च्या पटीला १ कमी), चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ५^४ म्हणजे ६२५, त्याच्या जागी −१६ म्हणजे −२^४ चालतं. झालं, −२^३२ ची बाकी १, म्हणून २^३२ + १ ची बाकी शून्य.

आणि तुमच्या टेस्टचं म्हणाल तर २ घेऊन प्रत्येक फर्मा संख्या पास होणारच. इथे २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १, आणि न − १ हा ६४ च्या पटीतच आहे. २ ऐवजी ३ घ्या, लगेच नापास होते.

चौरस:
अजून एक. ६५५३६² + १² हे तर दिसतंच, पण ६२२६४² + २०४४९² पण हीच येते, करून बघा. दोन वेगवेगळ्या प्रकारे दोन वर्गांची बेरीज होणारी संख्या मूळ असूच शकत नाही, हेही ऑयलरचंच.

शून्यापासून:
वा, बाकीवालं वहीत उतरवून घेतलं. मग २^६४ + १ ला १२८ च्या जागी २५६ घ्यायचे का?

विभाजक६४:
हो. पण तिथे बरंच पुढे जावं लागतं, १०७१ × २५६ + १ = २७४१७७ ने भाग जातो.