पीएच.डी.चे मार्गदर्शक निवडताना सायटेशनच्या आकड्यांवर किती विसंबावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

माझी मुलगी जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली असून, कर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांकडे पीएच.डी. करण्याचा तिचा विचार आहे. शोधनिबंध शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलर या संकेतस्थळावर त्यांच्या नावापुढे ३,१०० सायटेशन (म्हणजे इतरांच्या लेखांत झालेले उल्लेख) आणि २६ एच-इंडेक्स दिसतो. स्कोपस या शोधनिबंधांच्या दुसऱ्या सूचीत मात्र तेच आकडे १,८५० आणि १९ आहेत. मी मार्केट यार्डात हळदीचा व्यापारी आहे. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय आम्ही सौदा करत नाही, पण इथे काय मोडून पाहायचे तेच कळत नाही. यातला खरा आकडा कोणता?

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल, मिरज)

दोन्ही आकडे खरे आहेत. मोजणारे वेगळे आहेत. स्कोपस आपण निवडलेली नियतकालिके, परिषदांचे वृत्तान्त आणि काही पुस्तके एवढ्यांतलेच संदर्भ मोजते. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रकाशनपूर्व मसुदे, विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरच्या फायली असे हाती लागेल ते मोजते, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठाच असतो. शिवाय तिथल्या यादीत नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच कोणाचे शोधनिबंध शिरलेले असू शकतात, आणि आपल्याकडे पाटील-कुलकर्णी आडनावांची कमतरता नाही, त्यामुळे आधी तेवढे तपासावे.

एच-इंडेक्स हा २००५ साली हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला निर्देशांक आहे. १९ याचा अर्थ, किमान १९ वेळा उल्लेखले गेलेले १९ शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. माणूस काम करायचा थांबला तरी हा आकडा वाढू शकतो, म्हणून गेल्या पाच वर्षांचा आकडा वेगळा पाहावा. गूगल स्कॉलर तो शेजारीच देते.

उत्तर २ (संशोधक, कराड)

बेरीज बाजूला ठेवा आणि सर्वाधिक सायटेशन असलेले पहिले पाच शोधनिबंध उघडा. जैववैद्यकात लेखकांच्या नावांचा क्रम बोलका असतो: प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे नाव साधारणपणे पहिले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे शेवटचे येते. बारा जणांच्या यादीत सातवे नाव असलेल्या लेखाची सायटेशनही मोजणीत पूर्णच धरली जातात, मग त्यातला वाटा एखाद्या नमुन्यापुरता का असेना. दुसरे म्हणजे, तो लेख मूळ संशोधन आहे की इतरांच्या कामाचा आढावा, हे पाहा, कारण आढाव्यांना सायटेशन सहज मिळतात. पद्धती सांगणाऱ्या लेखांची तर गोष्टच निराळी आहे. प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा लेख ३ लाखांहून अधिक वेळा उल्लेखला गेला आहे, आणि तो कोणत्याही रोगावरचा शोध नाही.

तुम्ही हळदीतले आहात म्हणून आणखी एक सांगतो. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनवर हजारो शोधनिबंध निघाले, त्यांना भरपूर सायटेशनही मिळाली. पण २०१७ साली जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत आलेल्या एका आढाव्याने दाखवून दिले की हा रेणू अस्थिर आहे, स्वतःच चमकतो आणि त्यामुळे कितीतरी चाचण्यांत परिणाम नसतानाही परिणाम दिसल्याचा भास होतो. सायटेशन म्हणजे कोणीतरी त्या लेखाचा उल्लेख केला, एवढेच. तो खोडून काढण्यासाठी केला असला तरी मोजणीत धरला जातो. मागे घेतलेल्या शोधनिबंधांनासुद्धा पुढे सायटेशन मिळत राहतात.

उत्तर ३ (प्राध्यापक, सातारा)

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात, त्या आकड्यावरून) व्यक्तीची योग्यता ठरवू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात म्हटले आहे, हे खरे; पण छाननीला बसलेल्या समितीपुढे अर्जांचा ढीग असतो आणि ती आधी आकडेच पाहते. मुलीला उद्या त्याच समितीपुढे जायचे आहे, म्हणून आकडे अगदीच सोडून देऊ नयेत.

प्रश्नकर्ता

मुलीने काल रात्री बसून पाहिले. ३,१०० पैकी १,२०० सायटेशन एकाच आढावा-लेखाची आहेत आणि त्यात सरांचे नाव अकरा जणांत आठवे आहे. मात्र गेल्या पाच वर्षांतल्या चार लहान शोधनिबंधांत पहिले नाव त्यांच्या विद्यार्थ्यांचे आणि शेवटचे सरांचे आहे. त्यांतल्या दोघी पीएच.डी. पूर्ण करून बाहेर पडल्या आहेत. प्रयोगशाळेत रसायने वेळेवर मिळतात का आणि मसुदा सरांच्या टेबलावर किती महिने पडून राहतो, हे ती सोमवारी त्यांनाच फोन करून विचारणार आहे.