बिडी सोडली, तरी सीटी स्कॅनमध्ये एम्फिसेमा वाढलेला दिसतोय. असं कसं?

गोदाकाठ_गंगाखेड

नमस्कार मंडळी. फुफ्फुसाच्या स्कॅनबद्दल कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, घरात रोज यावरून वाद चाललाय.

आमचे अण्णा, वय ६४, मोंढ्यात मापाडी होते. ४० वर्षं बिडी, दिवसाला एक बंडल तरी संपायचंच. मापं टाकताना त्यांचा 'लाभ, दोन, तीन' असा आवाज आडतीपासून पार रस्त्यापर्यंत यायचा. आता घराचा जिना चढले की बोलायच्या आधी उभं राहावं लागतं.

गेल्या वर्षी दम आणि खोकला फार वाढला म्हणून परभणीला छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. नळीत फुंकायची टेस्ट झाली, सीटी झाला. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागायचा जुनाट आजार आहे म्हणाले, इनहेलर चालू केलं आणि बिडी बंद करायला सांगितलं. अण्णांनी खरंच बंद केली. चिडचिड झाली, झोप उडाली, पण हात लावला नाही.

त्या वेळच्या रिपोर्टात 'दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात सौम्य एम्फिसेमा' होतं, म्हणजे फुफ्फुसातले हवेचे बारीक कप्पे खराब झालेले. आता परत कफ झाला म्हणून नांदेडला सीटी काढला, तर रिपोर्टात 'मध्यम एम्फिसेमा, आधीच्या मानाने वाढ'. फुंकायच्या टेस्टमध्ये मात्र एफईव्ही-वन, म्हणजे पहिल्या सेकंदात जोरात बाहेर फुंकलेली हवा, तेव्हा १.६२ लिटर होतं, आता १.६० आहे.

रिपोर्ट ऐकल्यापासून अण्णा म्हणायलेत, 'सोडून बी वाढलंच ना, मग कशाला जीव जाळायचा?' पारावरचे दोस्त तर बंडल पुढं करायला तयारच आहेत. मला त्यांना काय उत्तर द्यावं कळेना. सोडल्यावर आजार वाढतो का? स्कॅन खरा की फुंकायची टेस्ट खरी?

पाथरीकर

दादा, माझ्या मामांना पण हाच त्रास आहे. माझं मत, सहा महिन्यांनी अजून एक सीटी काढा म्हणजे खरं काय ते कळेल. आणि चुलीचा धूर, हळदीची धूळ यापासून लांब ठेवा त्यांना. धूळ फार वाईट.

स्कॅनरूमची_ताई (लातूर)

दादा, आधी अण्णांना एवढं सांगा की या एका रिपोर्टवरून बिडी परत हातात घ्यायची नाही. बाकीचं सावकाश वाचा.

मी सीटी मशीनवर टेक्निशियन आहे. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, तुमच्या फिल्मा मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे शेवटचं काय ते तुमचे डॉक्टरच सांगतील. पण तुम्ही लिहिलंय ते मी ओळखते. बिडी सोडलेल्या माणसाच्या स्कॅनमध्ये पहिल्या एक-दोन वर्षांत एम्फिसेमा 'वाढल्यासारखा' दिसू शकतो, आणि त्याचं कारण आजार वाढला हेच असेल असं नाही.

सीटी काय मोजतो बघा. प्रत्येक ठिपक्याची घनता. पाण्याला शून्य, नुसत्या हवेला उणे १०००. फुफ्फुसाचा जो भाग उणे ९५० च्याही खाली जातो तो एम्फिसेमा धरतात, म्हणजे तिथल्या वायुकोशांच्या भिंती गेल्या आणि नुसती हवा उरली. आता बिडी ओढणाऱ्याच्या फुफ्फुसात काय असतं? धुरामुळे आलेली सूज असते, कफ असतो, काजळी गिळून बसलेल्या पेशी असतात. हे सगळं घनता वाढवतं. बिडी सुटली की ही सूज उतरते, फुफ्फुस हलकं होतं, आणि काही ठिपके उणे ९५० च्या खाली सरकतात. रिपोर्टात ते एम्फिसेमा म्हणून येतं. नवीन नुकसान तेवढं झालेलं नसतं, आधीचंच उघडं पडलेलं असतं.

अण्णा मापाडी आहेत ना, त्यांना हे पटकन कळेल. ओला कापूस काट्यावर जास्त भरतो. वाळला की वजन उतरतं, म्हणून कापूस चोरीला गेला असं कोणी म्हणत नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. डेन्मार्कमध्ये ४,१०४ जणांचा फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी मोठा तपासणी अभ्यास झाला, सगळे सिगारेट ओढणारे किंवा सोडलेले. त्यातल्या अर्ध्यांचा दर वर्षी कमी किरणांचा सीटी होत होता. ज्यांनी मध्येच सिगारेट सोडली त्यांच्या फुफ्फुसाची घनता सोडल्यानंतरच्या दोन वर्षांत उतरलेली दिसली. हा पेपर २०११ चा आहे. तेव्हापासून अभ्यास करणारे लोक स्कॅन शेजारी ठेवताना माणूस तेव्हा ओढत होता की नाही हे आधी बघतात. तुमच्या नांदेडच्या सेंटरला अण्णांनी बिडी सोडल्याचं सांगितलं होतं का? फॉर्मवर तो रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि ही माझ्या रोजच्या कामातली. पेशंटला झोपवून हात डोक्याच्या वर घ्यायला लावते, मग मशीन चालू करायच्या आधी तालीम घेते. 'मोठा श्वास घ्या… रोखा.' बिडी ओढणाऱ्याला अर्धा श्वास घेतला की उबळ येते. दाबून रोखतात, पण पोट हळूहळू खाली बसत असतं. काचेतून मी गाऊनची पोटावरची घडी बघत असते. ती हलली की मला कळतं हा श्वास सुटला. श्वास अर्धा असेल तर फुफ्फुस दाट दिसतं आणि एम्फिसेमा कमी भरतो. पूर्ण भरलेला असेल तर जास्त भरतो. पहिल्या स्कॅनच्या वेळी अण्णांना खोकला फार होता असं तुम्हीच लिहिलंय. इनहेलर आणि बिडीबंदीनंतर दुसऱ्या वेळी त्यांनी श्वास चांगला भरला असेल, तर नुसत्या तेवढ्यानेही आकडा वर जातो.

शिवाय परभणीचं मशीन वेगळं, नांदेडचं वेगळं. काप किती जाडीचे घेतले, चित्र कोणत्या पद्धतीने तयार केलं, याने फरक पडतो. 'सौम्य' आणि 'मध्यम' हे शब्दही दोन वेगळ्या डॉक्टरांनी नजरेने लिहिलेले असतात.

पाथरीकर भाऊ, सहा महिन्यांनी परत सीटी नको. छातीच्या साध्या सीटीत साधारण ७ मिलिसिव्हर्ट किरणं लागतात, एक्स-रेला ०.१ च्या आसपास. कमी किरणांच्या सीटीला दीडच्या जवळपास लागतात, तरी कारण नसताना नको. एवढ्या कमी वेळात एम्फिसेमाचा खरा बदल पकडताही येत नाही. पण रिपोर्टात गाठ किंवा 'नोड्यूल' असा शब्द असेल, तर तो विषय संपूर्ण वेगळा. त्यासाठी डॉक्टर सांगतील त्या तारखेला स्कॅन करायचाच. गोदाकाठ दादा, दोन्ही रिपोर्ट त्यासाठी परत वाचा.

गोदाकाठ_गंगाखेड

ताई, खरं सांगू का, हे वाचून छातीवरचं ओझं उतरलं. नोड्यूल शब्द दोन्ही रिपोर्टात नाही. पहिल्यात 'जुन्या क्षयरोगाचे वण' असं आहे, अण्णांना तरुणपणी टीबी झाला होता.

फॉर्मवर 'धूम्रपान: होय' एवढंच भरलं होतं. सोडल्याचं कुठंच नाही.

एक विचारू? दम तर फुंकायच्या टेस्टमध्ये कळतो, मग स्कॅनचा उपयोग काय?

छातीचा_डॉक्टर_अंबाजोगाई

ताईंनी व्यवस्थित सांगितलंय. मी थोडी भर घालतो.

स्पायरोमेट्री म्हणजे तुमची फुंकायची टेस्ट, ती सगळ्या फुफ्फुसाचा मिळून एक आकडा देते. नुकसान कुठे आहे आणि कशाचं आहे, हे ती सांगत नाही. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक श्वासनलिका बऱ्याच आधी बिघडतात आणि फुंकायचा आकडा तेव्हा चांगलाच असू शकतो. स्कॅनमध्येही त्या नळ्या थेट दिसत नाहीत, पण श्वास सोडून दुसरा स्कॅन काढला तर अडकून राहिलेली हवा दिसते. अमेरिकेत सीओपीडीजीन नावाच्या अभ्यासात १०,००० हून जास्त धूम्रपान करणाऱ्यांचे असे दोन-दोन स्कॅन काढले, एक श्वास भरून, एक सोडून, आणि पाच वर्षांनी परत बोलावलं. २०१२ मध्ये मिशिगनच्या लोकांनी हे दोन स्कॅन ठिपक्यावर ठिपका ठेवून जुळवले. त्यातून भिंती गेलेला भाग आणि नुसती हवा अडकलेला भाग वेगळा काढता येतो. संशोधनात फार मोलाचं काम आहे. आपल्याकडच्या रोजच्या रिपोर्टात ते येत नाही.

तुमच्या अण्णांसाठी स्कॅनचं काम वेगळं: गाठ नाही ना, जुन्या टीबीचा भाग किती, मोठे फुगे झालेत का, हे बघणं. टीबीच्या वणांमुळेही दम लागतो, आपल्या भागात असे पेशंट कितीतरी. तो हिशेब बिडीच्या नावावर टाकून चालत नाही. श्वासाची ताकद वर्षानुवर्षं बघायची असेल तर स्पायरोमेट्रीच.

१.६२ चं १.६० झालं, यावरून मात्र काहीच म्हणू नका, चांगलं नाही आणि वाईटही नाही. एकाच बैठकीतल्या दोन उत्तम फुंकरांत १५० मिलिलिटरपर्यंतचा फरक आम्ही मान्य करतो. तीन-चार वर्षांचे आकडे एका रांगेत आले की उतार कळतो.

आणि उतार कसा असतो ते अण्णांना सांगा. अमेरिका-कॅनडातल्या लंग हेल्थ स्टडी नावाच्या अभ्यासात ११ वर्षं लोकांना मोजलं. ओढत राहिलेल्या पुरुषांचं एफईव्ही-वन वर्षाला सरासरी ६६ मिलिलिटरने उतरलं, सोडून तसेच राहिलेल्यांचं ३० ने. गेलेलं परत येत नाही, हे मी पेशंटला तोंडावर सांगतो. पण ६४ व्या वर्षी या दोन आकड्यांमधलं अंतर फार मोठं आहे. पुढची दहा वर्षं शेतापर्यंत चालत जायचं की खाटेवर बसून दम मोजायचा, ते त्यात ठरतं.

घरी एक करा. मोठा श्वास घेऊन, न थांबता, एका दमात एक-दोन-तीन मोजायला लावा, दर महिन्याला त्याच वेळी, आकडा वहीत लिहा. टेस्टची जागा ती घेत नाही, पण एकदम कमी झाला तर तुम्हाला लवकर समजेल. थुंकीतून रक्त, वजन उतरणं, पायावर सूज, यातलं काही झालं तर वहीची वाट न बघता दाखवा.

गोदाकाठ_गंगाखेड

डॉक्टर साहेब, आभारी आहे. ताईंचं कापसाचं उदाहरण संध्याकाळी अण्णांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'ओल धरून कटती लावतात तसं हाय म्हण की.' पारावर आज गेलेत, पण दोस्तांना आधीच सांगून गेले की पुढं करू नका.

तलफ मात्र येते त्यांना, विशेषतः चहा झाल्यावर. त्याला काय करावं? आणि पुढच्या वेळी काय काय घेऊन जायचं?

स्कॅनरूमची_ताई (लातूर)

तलफेसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, तंबाखू आणि बिडी सोडणाऱ्यांसाठीच. अण्णांनाच बोलू द्या, तुम्ही त्यांच्या वतीने बोलू नका. निकोटीनच्या गोळ्या किंवा पट्ट्या डॉक्टरांना विचारून. चहानंतर लगेच उठून चक्कर मारायला लावा, ती वेळ निघून जाते.

स्पायरोमेट्रीला जाताना पोट गच्च भरून नेऊ नका, कपडे सैल, आणि त्या सकाळी इनहेलर घ्यायचं की नाही ते आधी फोन करून विचारा. जुना रिपोर्ट सोबत हवा.

सीटीचं म्हणाल तर नुसती फिल्म नको, दोन्ही सेंटरकडून सीडी मागून घ्या. फिल्मवर मोजके काप असतात, सीडीत सगळे. पुढे कधी स्कॅन लागलाच तर शक्यतो त्याच मशीनवर काढा, आणि फॉर्मवर 'बिडी बंद' असं लिहून पुढे कोणत्या महिन्यापासून तेही लिहा. टीबीचं पण लिहा. सीडीवर पेनाने तारीख टाकून एका जाड पाकिटात ठेवा. उन्हात गाडीच्या डिकीत राहिली की आमच्याकडे येईपर्यंत ती उघडतच नाही.