इसब उफाळलं की स्टेरॉइड मलम लगेच लावायचं, की थांबून बघायचं?

रातराणी

माझा मुलगा अडीच वर्षांचा. चौथ्या महिन्यात गालांवर पहिले चट्टे आले, रांगायला लागल्यावर ते हातापायांवर सरकले, आणि आता कोपराच्या आतल्या बाजूला नि गुडघ्याच्या लवणीत मुक्काम ठोकून आहेत. बरं असतं तेव्हा पंधरा-वीस दिवस काही नसतं. मग एका रात्री दोनच्या सुमारास अंधारात खरखर ऐकू येते. तो झोपेतच एक टाच दुसऱ्या पोटरीवर घासत असतो. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात.

मला एक मत ठामपणे मांडायचंय, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांचंही ऐकायचंय. डॉक्टरांनी तपासून मुलासाठी मलम ठरवून दिलेलं असेल, तर इसब उफाळल्याच्या पहिल्याच दिवशी ते लावावं आणि पुरेसं लावावं. "अजून दोन दिवस बघू" म्हणत बसू नये.

आम्ही वर्षभर बघत बसलो. स्टेरॉइड म्हटलं की हात आखडायचा. आधी नुसतं मॉइश्चरायझर, मग अगदीच वाढलं तर टाचणीच्या डोक्याएवढं मलम, तेही दोन दिवसांत बंद. परत उफाळलं की परत तेच. एकेक वेळ तीन-तीन आठवडे लांबायची. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी माझं बोट हातात धरून मोजून दाखवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून निघालेली मलमाची एक रेघ म्हणजे एक माप. साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाचे दोन तळहात, बोटांसकट, झाकतील एवढ्या जागेला तेवढं पुरतं. एक-दोन वर्षांच्या मुलाचा अख्खा हात भरला असेल तर अशी दीड मापं, अख्खा पाय असेल तर दोन. आम्ही त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंही लावत नव्हतो, आणि वर म्हणत होतो की मलमाचा गुण येत नाही.

आता पहिल्याच दिवशी, ठरलेल्या मापाने लावते. चार-पाच दिवसांत आटोक्यात येतं. हिशेब केला तर महिन्याला आधीपेक्षा मलम कमीच लागतंय.

पिंपळपान

ताई, तुमचा त्रास समजतो, पण "लगेच लावा" हे असं चारचौघांत सांगायला माझा विरोध आहे. का, ते सांगते.

माझ्या मुलीला सव्वा वर्षाची असताना गालांवर इसब होतं. ओळखीतल्या एकांनी त्यांच्या मुलाला लागू पडलेलं मलम दिलं. दोन दिवसांत गाल आरशासारखे झाले. आम्ही खूश. थांबवलं की परत यायचं, म्हणून परत लावायचं. असे चार महिने गेले. मग गालांची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, आणि तोंडाभोवती पुटकुळ्यांचं कडं आलं. ट्यूब डॉक्टरांना दाखवली तेव्हा कळलं, त्यात क्लोबेटासॉल होतं. सगळ्यात जहाल गटातलं. जोडीला अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषधही त्याच ट्यूबमध्ये. ज्या बाळाच्या गालाला फार तर हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य मलम चाललं असतं, त्याला आम्ही हे चोळत होतो.

आईबापांना मलमा-मलमांतला फरक माहीत नसतो. त्यांना "स्टेरॉइड लगेच लावा" एवढंच वाक्य ऐकू जाणार. शिवाय खूप दिवस जोरदार मलम वापरून एकदम बंद केलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, जळजळते, हे आता औषध-नियामकही मान्य करतात. ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०२१ मध्ये त्याबद्दल सूचना काढली आहे. त्यामुळे मी आधी दोन दिवस नखं कापणं, सुती सैल कपडे, गार ओली पट्टी आणि भरपूर मॉइश्चरायझर एवढंच करते. नाहीच हटलं तर मलम. तेही हात राखूनच.

रातराणी

तुमच्या मुलीचं वाचून पोटात कालवलं. यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही. म्हणूनच "डॉक्टरांनी तपासून ठरवून दिलेलं" असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. दुसऱ्याच्या मुलाची ट्यूब, तीही चेहऱ्यावर, तीही चार महिने. नुकसान त्याने झालं. माझं म्हणणं मुलाच्या वयाला आणि जागेला योग्य मलम, चार-सहा दिवस, एवढंच आहे. या दोन गोष्टी एका पारड्यात टाकू नका.

भीतीचंही नुकसान असतं, ते मोजायला कुणी बसत नाही. इंग्लंडमध्ये २००० साली इसबाच्या २०० रुग्णांना विचारलं, त्यात ७२.५ टक्के लोकांना ही मलमं लावायची धास्ती होती. २४ टक्क्यांनी कबूल केलं की या भीतीपायी आपण सांगितल्याप्रमाणे लावलंच नाही. मी त्या २४ टक्क्यांतली होते. वर्षभर माझं लेकरू रात्रभर खाजवत होतं, आणि मला वाटत होतं मी त्याला जपतेय.

कोरी पाटी

तुम्ही दोघीही मलमावरच अडल्या आहात. मूळ कारणाचं काय? आमच्या मुलाला दीड वर्षाचा असताना असंच होतं. आम्ही एकेक करून पाच पदार्थ बंद केले आणि तीन आठवड्यांत कातडी सुधारली. आतून होणाऱ्या दुखण्याला बाहेरून लेप लावून काय होणार? मी मलम जवळजवळ वापरलंच नाही, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

धुकं

मी लहान मुलांच्या विभागात बरीच वर्षं परिचारिका होते, म्हणून राहवत नाही.

कोरी पाटी, आपण काही बंद करतो ते बहुतेक वेळा इसब अगदी शिगेला पोहोचलेलं असताना. आणि इसब चढतं-उतरतं. शिगेला गेलेलं पुढच्या तीन आठवड्यांत काही न करताही उतरू शकतं. मग ज्या दिवशी जे सोडलं त्याला श्रेय जातं. पाच पदार्थ बंद करून वजन घटलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत, आणि इसब होतं तिथेच होतं. दुसरा धोका याहून मोठा आहे. मूल जो पदार्थ आजवर बिनबोभाट खात होतं, तो महिनोन् महिने तोडून परत दिला की कधी कधी खरीखुरी, झटक्यात येणारी ॲलर्जी उभी राहते.

आता मूळ कारण म्हणाल तर ते पुष्कळदा कातडीतच असतं. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन वरच्या थराला घट्ट आणि ओलसर ठेवतं. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवला. आणि पिंपळपान, हे खास तुमच्यासाठी: कातडीत दाह पेटलेला असला की दोष नसलेल्या मुलातही फिलॅग्रिन कमी तयार होतं. म्हणजे थांबण्याच्या त्या दोन दिवसांत कातडी आणखी उसवते, मूल खाजवतं, दाह वाढतो, आणि मग तेच मलम जास्त दिवस लावावं लागतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २००७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्वच्छ म्हटलंय, लक्षणं दिसताच सुरू करा आणि ती शमल्यावरही साधारण ४८ तास चालू ठेवा. त्याच सूचनांत चेहऱ्याला आणि मानेला सौम्यच मलम वापरा असंही आहे, तेव्हा तुमची गालांबद्दलची काळजी रास्त आहे.

कोरी पाटी

वजनाचं म्हणालात ते खरं आहे. आमच्याही मुलाचं घटलं होतं, ते मी लिहिलं नाही. पण मग ॲलर्जी नसतेच म्हणायचं का? एक पदार्थ असा होता की खाल्ल्यावर अर्ध्या तासात अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचा. ते काही मी कल्पनेने बघितलेलं नाही.

धुकं

ती ॲलर्जीच आहे, आणि तो पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय परत देऊ नका. अशा मुलाची तपासणी व्हायलाच हवी. लहान वयात जोरदार इसब असलेल्या मुलांत अशा ॲलर्जी जास्त आढळतात. माझा आक्षेप उरलेल्या चार पदार्थांबद्दल आहे, जे खाऊन त्याला काहीच होत नव्हतं.

पिंपळपान

फिलॅग्रिनचं मला माहीत नव्हतं. तरीही विचारते: मॉइश्चरायझर नीट, भरपूर लावलं तर मलमाची वेळच कशाला यावी? माझा सगळा भर त्यावर आहे, आणि मुलीला त्याने खूप फरक पडलाय.

धुकं

भर योग्यच आहे, आणि "भरपूर" म्हणजे किती तेही सांगून ठेवते, कारण तिथेही हात आखडतो. सगळ्या अंगाला लावायचं तर लहान मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. छोटी बाटली दोन महिने पुरत असेल तर ते लावलंय असं म्हणता येणार नाही. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, टिपून कोरडं करायचं, आणि अंग ओलसर असतानाच लावायचं. लव ज्या दिशेने वाढते त्याच दिशेने, न चोळता, न फासता. डब्यात बोटं न घालता चमच्याने काढायचं.

कुठलं घ्यायचं यावर मात्र जीव आटवू नका. २०२२ मध्ये ५५० मुलांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. लोशन, क्रीम, जेल, ऑइंटमेंट, चौघांचा गुण सारखाच. मूल जे लावून घेतं ते चांगलं. अंघोळीच्या पाण्यात घालायच्या तेलकट द्रवांचा तर वेगळा फायदाच दिसला नाही, ती चाचणी ४८२ मुलांवर झाली होती, २०१८ मध्ये. खास रेशमी अंतर्वस्त्रांची, पाणी मृदू करणाऱ्या यंत्रांचीही तीच गत. आईबाप बिचारे या सगळ्यामागे धावतात, आणि ट्यूब मात्र कपाटात पडून राहते.

मॉइश्चरायझर कातडीला राखतं. पेटलेला दाह त्याने विझत नाही.

आणखी एक, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुस्तकांतल्या फोटोंत इसब लालभडक दिसतं, पण सावळ्या-काळ्या कातडीवर ते करडं, जांभळट किंवा नुसतंच जास्त गडद दिसतं. लाली दिसेपर्यंत थांबणाऱ्यांना कधी कधी ती दिसतच नाही, आणि बराच उशीर होतो. आणि उफाळा ओसरल्यावर उरणारे फिकट डाग बहुतेक वेळा इसबाचेच असतात, काही महिन्यांत रंग परत येतो. त्या डागांचा आळ मलमावर घेऊन ते बंद करणारे पालक मी मोजू शकणार नाही इतके पाहिले.

घरी निस्तरायचं नाही ते कधी, तेही लिहिते. चट्ट्यांवर पिवळसर खपल्या धरल्या, पाणी सुटायला लागलं, तर जंतुसंसर्गाची शंका घ्या आणि दाखवा. आणि अचानक एकसारखे, टोचा मारून काढल्यासारखे गोल छोटे व्रण आले, दुखायला लागलं, ताप आला, मूल मलूल पडलं, तर रात्र असली तरी थांबू नका. तो नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचा, हर्पीसचा संसर्ग असू शकतो. डोळ्याजवळ असेल तर जास्तच घाई करा.

रातराणी

गडद दिसण्याबद्दल लिहिलंत ते अगदी आमचंच. मुलाच्या लवणीत लाली कधी दिसलीच नाही, तिथली कातडी काळपट आणि जाड होत गेली. आम्ही आधी त्याला मळ समजून घासत होतो. ते आठवलं की अजून रडू येतं.

पिंपळपान, एक विचारू का? आमच्या डॉक्टरांनी आता ज्या जागी सारखं उफाळतं तिथे, बरं असतानाही, आठवड्यातून दोन दिवस मलम लावायला सांगितलंय. त्याने दोन उफाळ्यांमधलं अंतर वाढतं म्हणाले. तुम्ही लावाल?

पिंपळपान

नाही लावणार. बऱ्या दिसणाऱ्या कातडीला स्टेरॉइड लावायला माझा हात धजणार नाही, अभ्यास काहीही सांगोत. तुमच्या मुलाचे कोपर-गुडघे आहेत, माझ्या मुलीचे गाल आहेत, आणि ते गाल मी एकदा बिघडवलेत. पण दोन दिवस थांबायचं मात्र सोडीन म्हणते. डॉक्टरांनी दिलेलं सौम्य मलम यावेळी पहिल्या दिवशी लावून बघेन. एवढं सांगा, बंद कधी करायचं ते कसं ओळखता? रंगावरून तर कळत नाही म्हणालात.

रातराणी

तो झोपला की दिवा न लावता लवणीवरून तळहात फिरवते. आतून खरखरीत, उंचवट्यासारखं लागतं तोवर चालू. आजूबाजूच्या कातडीसारखं मऊ, सपाट लागलं की त्या रात्रीपासून आणखी दोन दिवस, मग बंद. मॉइश्चरायझर तेवढं रोजचं रोज.